वीणा आणि भाला

जुन्या करारांतील शौल राजा व दावीद यांची कथा आपल्या शाळेंतील लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. राजाचें मन दुष्ट आत्म्यानें ग्रासलें म्हणजे मेंढपाळाच्या त्या पोरास बोलावून आणीत. तो वीणा वाजवी आणि राजाच्या जिवाला तेवढ्यापुरती स्वस्थता लाभे. संगीताच्या सामर्थ्याविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे वक्ते ही कथा सांगतात आणि येथेंच थांबतात. परंतु कथा येथें थांबत नाहीं. पुढें एके दिवशीं दावीद नित्याप्रमाणें वीणा वाजवीत बसला असतां त्याच राजानें हातांतील भाला त्याच्यावर फेकला. वीणा तीच होती, बोटें तींच होतीं, ऐकणाराही तोच होता. तरी भाला सुटला. दावीद बाजूस सरला म्हणून वांचला.

यापुढील भाग तर आणखी विचार करण्याजोगा आहे. कांहीं काळानें तोच शौल एका गुहेंत दावीदाच्या हातीं सांपडला. दावीदाजवळ शस्त्र होतें, सोबत माणसें होतीं, आणि सूड घेण्यास कारणही होतें. त्यानें राजाच्या झग्याचा कांठ तेवढा कापून घेतला आणि राजास जिवंत जाऊं दिलें. आमच्या मतें शांतीचें खरें कार्य राजवाड्यांतील वीणेपेक्षां त्या अंधाऱ्या गुहेंत अधिक झालें. वीणा वाजविणाऱ्या हातानें जेव्हां स्वतःलाच आवरलें, तेव्हां त्या हाताच्या संगीताला अर्थ आला. कलावंतानें जगांत शांति पसरावी अशी आपण अपेक्षा करतों. परंतु त्यासाठीं त्यानें प्रथम आपल्या स्वतःवर किती परिश्रम केले पाहिजेत, याचा विचार आपण क्वचितच करतों. तो विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

संगीत आणि शांति हे दोन शब्द आपण इतके सहज जोडून बोलतों कीं, एक असलें म्हणजे दुसरें आपोआप येतें अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत अर्धवट आहे, आणि अर्धवट समजूत पुष्कळदां अज्ञानाहून घातक ठरते. दुसऱ्या महायुद्धांत नाझी सत्तेनें पोलंडच्या भूमीवर आउश्विट्झ येथें मृत्युछावणी चालविली. त्या छावणींत कैदी स्त्रियांचा एक वाद्यवृंद होता. सकाळीं कैद्यांच्या रांगा कामावर निघाल्या म्हणजे आणि संध्याकाळीं त्या परतल्या म्हणजे या स्त्रियांनीं कूचगीतें वाजवावयाचीं असा शिरस्ता होता. अनिता लास्कर नांवाची तरुण मुलगी त्या वृंदांत चेलो वाजवीत असे, आणि चेलो वाजवितां येत होता म्हणूनच तिचे प्राण वांचले. तिनें पुढें सांगितलें आहे कीं, कैद्यांवर अघोरी प्रयोग करणारा मेंगेले नांवाचा डॉक्टर एकदां तेथें आला आणि शूमान या थोर जर्मन संगीतकाराची एक कोमल रचना त्यानें तिला वाजवावयास लाविली. रचना संपली, आणि डॉक्टर पुन्हां आपल्या कामास लागला.

त्या मनुष्यास संगीत आवडत नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. आवडत होतें म्हणून तर त्यानें तें मागितलें. परंतु कानांतून गेलेला स्वर त्याच्या अंतःकरणापर्यंत पोंचला नाहीं. यावरून एवढें निश्चित होतें कीं, संगीत हें पाण्यासारखें आहे. ज्या भांड्यांत ओतावें त्याचा आकार तें घेतें. भांडें मलिन असेल तर पाण्यास दोष देऊन उपयोग नाहीं.

आपल्या मिरजेचे तंबोरे देशांत सर्वत्र नांवाजलेले आहेत. तेथील कारागीर भोपळा उत्तम निवडतो, लांकूड उत्तम निवडतो, तारा उत्तम चढवितो. तरी एवढ्यानें तंबोरा बोलत नाहीं. तार ज्या घोडीवरून जाते ती घोडी अगदीं नाजूक हातानें घांसून तिची जवारी काढावी लागते. तें काम नजरेस फारसें दिसत नाहीं, पण त्यावांचून स्वरास गोलाई येत नाहीं. गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मनुष्याच्या स्वभावालाही अशीच जवारी काढावी लागते, आणि ती ज्याची त्यानेंच काढावयाची असते. गेल्या शतकांतील ज्या एका वादकाच्या चरित्रांत ही गोष्ट आम्हांस विशेष स्पष्ट दिसली, त्याची हकीकत आतां सांगतों.

येहुदी मेन्युहिन यांचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. आईबाप रशियांतून आलेले ज्यू. त्यांच्या जन्मापूर्वीं आईबाप बिऱ्हाड शोधीत असतां एका घरमालकिणीनें आपण ज्यू लोकांस जागा देत नसल्याचें मोठ्या फुशारकीनें सांगितलें. तेव्हां आईनें निश्चय केला कीं, होणाऱ्या मुलाचें नांवच ‘ज्यू’ या अर्थाचें ठेवावयाचें. येहुदी हें नांव असें पडलें. सातव्या वर्षीं हा मुलगा सॅन फ्रान्सिस्को येथें मोठ्या वाद्यवृंदासह व्हायोलिन वाजवून गेला. १९२९ सालीं, तेरावें वर्ष पूर्ण होण्याच्या आधींच, त्यानें बर्लिनमध्यें बाख, बेथोव्हेन व ब्राम्स या तिघांच्या तीन भारी रचना एकाच बैठकींत वाजविल्या. सोळाव्या वर्षीं इंग्लंडच्या वृद्ध एल्गार यांच्या हाताखालीं त्यांचीच रचना ध्वनिमुद्रित केली. कीर्ति, धन, लोकांचें प्रेम, सर्व कांहीं मिसरूड फुटण्यापूर्वींच पायांशीं येऊन पडलें.

दुसरें महायुद्ध सुरू झाल्यावर मेन्युहिन यांनीं दोस्त सैन्यासाठीं व जखमी सैनिकांसाठीं पांचशेंहून अधिक जलसे केले. १९४५ च्या एप्रिलमध्यें बेर्गेन-बेल्सेन येथील छळछावणी मुक्त झाली. जुलै महिन्यांत मेन्युहिन तेथें गेले. पियानोच्या साथीस इंग्लंडचे संगीतकार बेंजामिन ब्रिटन होते. ते स्वतः युद्धाचे विरोधक. समोर बसलेलीं माणसें नुकतीं मृत्यूच्या दारांतून परतलेलीं. त्यांतच, आउश्विट्झहून या छावणींत आणलेली ती चेलो वाजविणारी अनिताही होती. ज्या संगीताचा उपयोग तिनें कैद्यांचीं पावलें मोजण्यासाठीं झालेला पाहिला होता, तेंच संगीत आतां कोणी मनुष्य केवळ तिच्या व तिच्यासारख्यांच्या सांत्वनासाठीं घेऊन आला होता. कला तीच, पण वाजविणाऱ्याच्या येण्यामागचा हेतु निराळा. या एका फरकांत सर्व कांहीं आलें.

परंतु याच सुमारास मेन्युहिन यांच्या आयुष्यांत एक चमत्कारिक संकट उभें राहिलें. लहानपणीं जें आपोआप वाजत असे तें आतां वाजेना. युद्धकाळची दगदग झालीच होती. पण त्याहून मोठें कारण असें कीं, आपण जें करतों तें कसें करतों हें त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतें. देणगी होती, तिचें ज्ञान नव्हतें. जगप्रसिद्ध वादकानें ही गोष्ट झांकून ठेवली असती तरी चाललें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. तिशी उलटल्यावर त्यांनीं कमान कशी धरावी, खांदा कसा सैल सोडावा, श्वास कसा घ्यावा, अशा आरंभींच्या गोष्टींपासून नव्यानें अभ्यास सुरू केला.

या शोधांतच न्यूझीलंडमध्यें एका डॉक्टरकडे वाट पाहात बसले असतां योगाविषयींचें एक लहानसें पुस्तक त्यांच्या हातीं पडलें. पुढें १९५२ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानांत आले आणि दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ त्यांनीं येथें जलसे केले. त्या वेळीं मुंबईस त्यांची भेट पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशीं झाली. मेन्युहिन थकलेले होते. भेटीस वेळ म्हणून पांच मिनिटें दिलीं होतीं. अय्यंगारांनीं त्यांना प्रथम निश्चल पडून विश्रांति घेण्यास शिकविलें. कित्येक दिवसांत न लाभलेली झोंप त्यांना लागली आणि पांच मिनिटांची भेट बराच वेळ लांबली. तेव्हांपासून हा जगद्विख्यात मनुष्य पुण्याच्या एका, त्या काळीं फारशा प्रसिद्ध नसलेल्या, गुरूचा शिष्य झाला. १९५४ सालीं त्यांनीं अय्यंगारांस स्वित्झर्लंडला बोलावून घेतलें आणि त्यांना एक घड्याळ भेट दिलें. ते आपले सर्वांत उत्तम व्हायोलिन-शिक्षक आहेत, अशा अर्थाचीं अक्षरें त्यावर कोरलेलीं होतीं. ज्या गुरूनें व्हायोलिनवर कधीं कमान फिरविली नाहीं त्याला हा मान! कारण वाद्य धरणारें शरीर आणि मन हेंच पहिलें वाद्य होय, हें शिष्यास उमगलें होतें.

नम्रतेचा हाच धडा त्यांनीं पुढेंही सोडला नाहीं. वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, १९६६ सालीं, इंग्लंडांतील बाथ येथील संगीतोत्सवांत ते पंडित रविशंकर यांच्या शेजारीं जमिनीवर बैठक मारून बसले आणि परक्या रागदारींतील स्वर नवशिक्याच्या आदरानें वाजवूं लागले. १९६७ च्या डिसेंबरांत मानवी हक्कदिनाच्या निमित्तानें हे दोघे संयुक्त राष्ट्रसंघांतही एकत्र वाजले. दुसऱ्याच्या संगीतापुढें शिष्य होऊन बसणें हीदेखील शांतीची एक मोठी कृति आहे. कारण बहुतेक भांडणांच्या मुळाशीं आपणच तेवढे शहाणे ही भावना असते.

आतां या आत्मपरीक्षणाचा शांतीच्या कार्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध असा कीं, ज्यानें स्वतःस तपासण्याची संवय लावून घेतली आहे, तोच आपल्या पक्षासही तपासूं शकतो. १९३३ सालीं नाझी सत्ता आल्यावर जर्मनींतील सुप्रसिद्ध वाद्यवृंदनायक फुर्टव्हेंगलर यांनीं मेन्युहिन यांस बर्लिनला बोलाविलें, तेव्हां त्यांनीं जाण्याचें नाकारलें. परंतु युद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, ते आपण होऊन बर्लिनला गेले आणि त्याच फुर्टव्हेंगलर यांच्यासह त्यांनीं वादन केलें. जोंवर अन्यायी बलवान होता तोंवर नकार, आणि तो धुळीस मिळाल्यावर हात पुढें! सामान्य माणसें याच्या अगदीं उलट वागतात.

या कृत्यामुळें अनेक ज्यू बांधव त्यांच्यावर फार चिडले, आणि त्यांची चीड अकारण होती असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यांचीं आईबापें, लेंकरें गेलीं त्यांना कोणी क्षमेचा उपदेश सहज करूं नये. बर्लिन येथील निर्वासित ज्यूंसाठीं मेन्युहिन यांनीं जलसा ठेवला तर तेथें जवळजवळ कोणी आलें नाहीं. तेव्हां ते स्वतः त्यांच्या छावणींत गेले आणि संतप्त जमावासमोर उभे राहून त्यांनीं आपलें म्हणणें मांडलें. सर्वांचें समाधान झालें असें नाहीं. परंतु रिकाम्या सभागृहाचा अपमान गिळून रागावलेल्यांच्या दारीं जाणें हें टाळ्यांच्या गजरांत वाजविण्यापेक्षां कितीतरी कठीण आहे.

१९५० सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. तेथें गोऱ्या व काळ्या लोकांस कायद्यानें वेगळें ठेवण्याचा कारभार नुकताच दृढ होत चालला होता. जोहान्सबर्गजवळील सोफियाटाउन या काळ्या लोकांच्या वस्तींत फादर ट्रेव्हर हडलस्टन नांवाचे मिशनरी काम करीत होते. त्यांच्या ख्रिस्तराजाच्या मंदिरांत जाऊन मेन्युहिन यांनीं त्या वस्तींतील लोकांसाठीं व्हायोलिन वाजविलें. एका ज्यू वादकानें ख्रिस्ती देवळांत तिरस्कृत लोकांपुढें बसून वाजवावें, यांत किती भिंती एकदम ओलांडल्या गेल्या हें मुलांनीं मोजून पाहावें.

पुढें १९९१ सालीं इस्राएल देशानें त्यांना मोठें पारितोषिक दिलें. तें स्वीकारतांना त्याच देशाच्या संसदेंत उभे राहून त्यांनीं तेथील सरकारच्या अरब प्रजेशीं असलेल्या वागणुकीवर टीका केली. परक्यास दोष देणें सोपें. ज्या आप्तांनीं आपल्या गळ्यांत हार घातला त्यांना त्याच क्षणीं खरें बोलून दाखविणें अवघड. हें धैर्य व्हायोलिनच्या तारेंतून आलें नाहीं. रोज स्वतःशीं खरें बोलण्याच्या अभ्यासांतून आलें. १२ मार्च १९९९ रोजीं, ज्या बर्लिनमध्यें त्यांनीं बालपणीं कीर्ति मिळविली आणि प्रौढपणीं क्षमेचा हात पुढें केला, त्याच शहरीं त्यांचें देहावसान झालें.

येथें एक शंका निघते. सर्वत्र जाऊन वाजविणें हाच काय तो शांतीचा मार्ग? तसें नाहीं, हें स्पेन देशांतील कॅटलोनियाचे चेलोवादक पाब्लो कासाल्स यांच्या चरित्रावरून दिसतें. १८७६ सालीं जन्मलेल्या या कलावंतास तेराव्या वर्षीं बार्सिलोनांतील एका दुकानांत बाखच्या चेलो-रचनांची जुनी प्रत सांपडली. त्या रचना लोकांपुढें वाजविण्यापूर्वीं त्यांनीं सुमारें बारा वर्षें त्यांचा एकांतांत अभ्यास केला. स्पेनमध्यें फ्रँकोची हुकूमशाही आल्यावर ते देश सोडून फ्रान्समधील प्राद या लहान गांवीं राहिले आणि निर्वासित देशबांधवांस मदत करीत राहिले. महायुद्ध संपलें तरी मोठीं राष्ट्रें त्या हुकूमशाहीस हात लावीत नाहींत असें पाहून त्यांनीं जाहीर वादनच बंद केलें. कलावंताजवळचें सर्वांत प्रिय धन म्हणजे त्याचें वाजविणें. तेंच त्यांनीं निषेध म्हणून दूर ठेवलें. १९५० सालीं बाखच्या द्विशतसांवत्सरिक पुण्यतिथीस जगांतील नामांकित वादक त्या खेड्यांतच गोळा झाले, तेव्हां कुठें त्यांचें मौन सुटलें. १९७१ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं, त्यांनीं संयुक्त राष्ट्रसंघांत आपल्या मायभूमींतील पक्ष्यांचें एक लोकगीत चेलोवर वाजविलें.

एकजण अपमान सोसून वाजवावयास गेला. दुसरा कीर्ति सोडून वाजवावयाचा थांबला. मार्ग भिन्न असले तरी दोघांनींही स्वतःचें कांहीं तरी खर्चीं घातलें. ज्या शांतिगीतासाठीं गाणाऱ्यास कांहींच द्यावें लागत नाहीं, त्याचें मोल ऐकणाऱ्यासही फारसें वाटत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढें होऊनही तोफा थांबल्या काय? नाहीं थांबल्या. कासाल्स १९७३ सालीं वारले तेव्हां फ्रँको सत्तेवरच होता. व्हायोलिनच्या कमानीनें तोफेचा गोळा अडत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. दावीदाच्या वीणेनेंही भाला अडला नव्हता. परंतु भाला फेकणाऱ्याच्या उलट भाला फेकावयाचा कीं नाहीं, हें ठरविणारें मन मात्र घडवितां येतें. आणि युद्धें शेवटीं मनांतूनच सुरू होतात.

आतां घरची गोष्ट. मागें एका स्नेहसंमेलनासाठीं आमच्या देखरेखीखालीं विश्वशांतीच्या गीताची तालीम चालली होती. पेटी वाजविणारा आणि तबला वाजविणारा यांच्यांत ध्वनिक्षेपकाजवळ कोणी बसावयाचें यावरून बोलाचाली झाली आणि पाहतां पाहतां गायक-गायिकांचे दोन तट पडले. आम्हीं टेबलावर पट्टी आपटून “शांत बसा!” म्हणून अशा आवाजांत ओरडलों कीं शेजारच्या वर्गांतील मुलेंसुद्धां दचकलीं. विश्वशांतीचें गीत तसेंच पुढें सुरू झालें. सूर बरोबर लागले, पण कोणाच्याही तोंडावर आनंद नव्हता. दुसऱ्या दिवशीं तबला वाजविणाऱ्या मुलानें कोणी न सांगतां पेटी उचलून ध्वनिक्षेपकाजवळ ठेविली आणि आपण मागें बसून हातोडीनें तबला लावूं लागला. त्या दिवशीं गीत खरोखर रंगलें. त्या मुलानें आम्हां शिक्षकांस जें शिकविलें तें आम्हांस कोणत्याही ग्रंथांत मिळालें नव्हतें.

पालकांस आमची एक नम्र विनंति आहे. आपण मुलांस गाण्याच्या शिकवणीस घालतां, परीक्षांस बसवितां, पदकें भिंतीवर लावितां. हें सर्व चांगलें आहे. परंतु मुलगा तालमीहून घरीं आला म्हणजे “पहिला नंबर कोणाचा?” एवढेंच न विचारतां, “आज दुसऱ्याचें गाणें तूं नीट ऐकलेंस का?” हेंही विचारीत जावें. साथ करणें, थांबणें, आपला आवाज कमी करून दुसऱ्यास जागा देणें, चुकलें तर पुन्हां पहिल्यापासून आरंभ करणें, हे संगीताचे रोजचे नियम आहेत, आणि शेजाऱ्याशीं शांततेनें राहण्याचेही हेच नियम आहेत. तानांच्या मागें लागून हे नियम मुलांच्या हातून निसटले, तर आपण त्यांना अर्धीच विद्या दिली असें होईल.

विद्यार्थीमित्रहो, डोंगरावरील प्रवचनांत आपल्या प्रभूनें शांति करणाऱ्यांस धन्य म्हटलें आहे, हें तुम्ही प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकलें असेल. शांति करणें हें करण्याचें काम आहे. तिचें वर्णन करून किंवा तिची गाणीं म्हणून तें संपत नाहीं. तुमच्यांतील प्रत्येकजण वादक होणार नाहीं. पण प्रत्येकाच्या वांट्यास केव्हां ना केव्हां असा क्षण येईल कीं, समोरच्यानें भाला फेकलेला असेल आणि उद्यां तोच मनुष्य तुमच्या हातीं सांपडेल. त्या क्षणीं काय करावयाचें याची तालीम आजपासून, शेजारच्या बाकावरच्या मुलापासून, सुरू करावी. ती नीट झाली म्हणजे मग वीणा हातीं घ्यावी. तिचे स्वर आपोआप खरे लागतील.